शिकवायचं कुणाला?

तळीये हे नाव बहुतेकांना माहीत झालं ते २२ जुलै २०२१ मुळे. त्या संध्याकाळी डोंगर खचून कोंढाळकरवाडीवर आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. खाली महाड शहर पुरात होतं, रस्ते बंद होते, आणि मदत वर पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. महाडपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरचं गाव खरं किती लांब असतं, ते त्या रात्री सगळ्या महाराष्ट्राला कळलं.

हा लेख दरडीबद्दल नाही. पण त्या अंतराबद्दल मात्र आहे.

समजा अशा एखाद्या वाडीत तीन वर्षांचं मूल आहे. हाक मारली तर बघत नाही. बोट दाखवून काही मागत नाही, आईचा हात धरून तो डब्यावर नेऊन ठेवतं. चाक फिरवत तासभर बसतं. घरात काय बोललं जातं हे महाड-पोलादपूरकडच्या कुणालाही सांगता येईल. आजी म्हणते, याचा बापपण उशिराच बोलला होता. शेजारीण म्हणते, बाहेरचं काहीतरी असेल, एकदा दाखवून आणा. कुणी म्हणतं कानाचं आहे, कुणी म्हणतं आईने मोबाइल दिला म्हणून. दोन-तीन वर्षं अशीच जातात. मग कधीतरी मुंबईला नातेवाइकाकडे मुक्काम टाकून डॉक्टरला दाखवलं की एक शब्द हातात येतो: ऑटिझम. मराठीत स्वमग्नता. आणि शब्दामागोमाग सल्ला, की आठवड्यातून दोनदा थेरपीला आणा. तळीयेहून, आठवड्यातून दोनदा!

या मुलाला माणसांत मिसळायला कसं शिकवायचं, हा प्रश्न वैद्यकशास्त्र गेली ऐंशी वर्षं सोडवतं आहे. तो इतिहास वाचताना एक गोष्ट लक्षात येते. ‘कसं शिकवायचं’ याची उत्तरं बदलत गेलीच, पण त्याहून जास्त बदलत गेलं ते ‘कुणाला शिकवायचं’ याचं उत्तर. आणि त्या बदलातला एक महत्त्वाचा प्रयोग लंडन-न्यूयॉर्कमध्ये न होता, महाड-पोलादपूरवरून जाणाऱ्या मुंबई-गोवा हायवेच्या खालच्या टोकाला, गोव्यातल्या तीस घरांमध्ये झाला.

*

सुरुवात अमेरिकेतल्या बाल्टिमोरपासून करू. १९४३ साली लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने अकरा मुलांबद्दल एक लेख छापला. आठ मुलगे, तीन मुली. ही मुलं हुशार वाटत, काहींची पाठांतराची ताकद थक्क करणारी होती, पण माणसं खोलीत आहेत की नाहीत याने त्यांना फरक पडत नसे. ‘ऑटिझम’ हा शब्द कॅनरने जुनाच उचलला. स्विस डॉक्टर ऑइगेन ब्लॉइलरने तो तीस वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी घडवला होता, ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्वतः’वरून. आपला ‘स्वमग्न’ थेट त्याच्या पावलावर पाऊल टाकून आला. मला हा शब्द कधीच आवडला नाही. मूल स्वतःत मग्न आहे, म्हणजे दार त्यानेच आतून लावलंय, असा आरोप त्यात न बोलता येतो. दाराच्या बाहेरचे लोक नीट ठोठावतायत का, हा प्रश्नच उरत नाही.

कॅनरच्या लेखात आणखी एक बी होतं. ही स्थिती जन्मजात असावी असं त्यांनी लिहिलं, पण त्याच दमात या मुलांच्या आईबापांत खरी मायेची ऊब असलेले फार थोडे, हेही नोंदवलं. ते बी फोफावलं. पुढे ‘फ्रिजसारखी थंड आई’ ही कल्पना अमेरिकाभर पसरली. शिकागोच्या ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली त्यावर गाजलेलं पुस्तक लिहिलं. उपचार म्हणजे मुलाला आईपासून तोडून संस्थेत ठेवणं. जवळजवळ दोन दशकं हजारो बायकांना सांगितलं गेलं की तुम्ही मनापासून हवंसं न केल्यामुळे मूल असं झालं.

ती कल्पना मोडून काढणाऱ्यांत बर्नार्ड रिमलंड पुढे होते. नौदलात नोकरी करणारे मानसशास्त्रज्ञ, स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक. १९६४ च्या पुस्तकात त्यांनी दाखवलं की याचं मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे, आईच्या मायेत नाही. १९६९ मध्ये खुद्द कॅनर पालकांच्या सभेत उभे राहिले आणि तुम्हाला दोषमुक्त करतो म्हणाले. निकाल लागायला सव्वीस वर्षं लागली. आपल्याकडे अजून लागलेला नाही. ‘आईने मोबाइल दिला म्हणून’ हे त्याच फ्रिजचं नवं मॉडेल आहे.

*

आई सुटली, पण खोलीच्या बाहेर बसवली गेली. आत आले तज्ज्ञ.

लॉस एंजेलिसमध्ये इवार लोवास यांनी साठच्या दशकात वर्तनशास्त्राच्या पद्धतीने मुलांना शिकवायला सुरुवात केली. कृतीचे बारीक तुकडे करायचे, ‘माझ्याकडे बघ’ म्हणायचं, बघितलं की खाऊ, नाही बघितलं की पुन्हा. १९६५ च्या ‘लाइफ’ मासिकात या कामावर फोटोंसह लेख आला. त्याच्या शीर्षकातच किंकाळ्या आणि थपडा हे शब्द होते. काही मुलांवर विजेचे झटकेही वापरले गेले. १९८७ साली लोवास यांनी जो शोधनिबंध छापला त्याने जग हललं. आठवड्याला चाळीस तास, दोन वर्षं किंवा जास्त, असं शिकवलेल्या १९ मुलांपैकी ९ मुलं साध्या शाळेत साध्या मुलांसारखी चालू लागली, असा दावा होता. कोणतं मूल कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे या आकड्यावर तेव्हापासून वाद आहे. आईबापांना मात्र एवढंच ऐकू आलं: चाळीस तास.

हा चाळीस तासांचा आकडा आजही भारतात थेरपी सेंटरच्या जाहिरातींतून वेगवेगळ्या रूपांत फिरतो. तो ज्या देशात जन्मला तिथेही सरकारी किंवा विम्याच्या पैशाशिवाय परवडत नाही. पुण्या-मुंबईत एका तासाला कित्येकशे रुपये. महाडला पैसे असले तरी देणार कुणाला?

त्याच काळात लंडनमध्ये वेगळा विचार चालू होता. सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि युटा फ्रिथ यांनी १९८५ साली एक साधा खेळ मांडला. दोन बाहुल्या, एक टोपली, एक खोका, एक गोटी. सॅली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. अ‍ॅन ती काढून खोक्यात लपवते. सॅली परत आली की गोटी कुठे शोधेल? टोपलीत, कारण तिला माहीतच नाही. २० ऑटिस्टिक मुलांपैकी १६ मुलांनी खोका दाखवला. दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळं काही असू शकतं, हे ओळखणं यांना अवघड जातं, असा निष्कर्ष निघाला. मग तेच शिकवायचे वर्ग निघाले. चेहऱ्यावरचे भाव ओळखा, पाळी पाळा, नमस्कार करा, डोळ्यांत बघा. या सगळ्याला ‘सोशल स्किल्स’ असं नाव पडलं.

वर्गात मुलं शिकायची. अडचण वर्गाबाहेर यायची. थेरपिस्टसमोर ‘तुझं नाव काय?’ नीट विचारणारं मूल मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून एकटंच उभं. शिकलेलं खोलीबाहेर जात नाही, ही तक्रार या क्षेत्रातल्या संशोधनात पुन्हा पुन्हा येते. पोहणं जमिनीवर शिकवल्यासारखं ते होत असावं.

*

भारतात हा इतिहास उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी पोचला. १९९५ च्या अपंगत्व कायद्यात सात प्रकार होते. त्यात ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो पहिल्यांदा नावाने आला. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला आणि तिथे २१ प्रकारांत त्याला जागा मिळाली. मधल्या काळात बहुतेक मुलं ‘मतिमंद’ या एकाच खणात टाकली जात होती. सिनेमानेही काही फार मदत केली नाही. ‘माय नेम इज खान’ आणि ‘बर्फी’ येईपर्यंत हा शब्द लोकांच्या कानावर नव्हता, आणि आल्यावर शाहरुखची आणि प्रियांकाची नक्कल तेवढी उरली.

याच काळात टॅमारा डेली या अमेरिकन संशोधिकेने शहरी भारतातल्या ९५ कुटुंबांशी बोलून एक अभ्यास केला. तो २००४ मध्ये छापून आला. त्यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. पाश्चात्त्य पालकांना आधी खटकतं ते मूल बोलत नाही हे. इथल्या पालकांना आधी खटकत होतं ते मूल माणसांत मिसळत नाही हे. साहजिक आहे. आपल्याकडे उशिरा बोलणं चालतं. पाहुणे आले असताना ‘काकांना नमस्कार कर’ म्हटल्यावर न करणं चालत नाही.

म्हणजे ‘सामाजिक कौशल्य’ म्हणजे काय हे ठिकाणावर ठरतं. भारतात प्रमाणपत्रासाठी वापरली जाते ती ‘आयसा’ ही ४० प्रश्नांची मोजपट्टी. ४० पैकी प्रत्येक गोष्टीला एक ते पाच गुण, आणि बेरीज ७० किंवा वर गेली की ऑटिझम. नजरेला नजर न देणं तिच्यात आहे. नजर न देणारं तीन वर्षांचं मूल आणि सासऱ्यांसमोर मान वर न करणारी त्याची आई यांत फरक आहे हे मान्य. पण परदेशी वर्गात जे ‘डोळ्यांत बघ’ शिकवतात, ते जसंच्या तसं कोकणातल्या घरात आणलं तर मूल आगाऊ ठरायचं. ही अडचण गोव्यातल्या मंडळींना आधीच दिसली होती.

*

गोव्यात ‘संगत’ नावाची संस्था १९९६ पासून काम करते. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांचा आग्रह असा, की मानसोपचारतज्ज्ञ जिथे कधीच पुरेसे होणार नाहीत, तिथे तज्ज्ञ नसलेल्या पण नीट तयार केलेल्या माणसांनी उपचार द्यावेत. नैराश्यासाठी त्यांनी हे गोव्यात करून दाखवलं होतं. ऑटिझमसाठी हे जमेल का, हा पुढचा प्रश्न होता. गौरी दिवाण यांच्या पुढाकाराने आधी गोव्यातल्या कुटुंबांशी, शिक्षकांशी, डॉक्टरांशी सविस्तर बोलणी झाली. २०१२ मध्ये त्यावर लेख आला. कुटुंब आधी लोकांतून अंग काढून घेतं, लग्नकार्याला जाणं थांबवतं, मग हळूहळू परत मिसळायला शिकतं. आणि डॉक्टर, शाळा, धर्मस्थळं यांना या घरांच्या गरजांची फारशी कल्पनाच नसते, असं त्यातून पुढे आलं. वाडीत राहणाऱ्या कुणाला हे वाचून आश्चर्य वाटणार नाही.

उपचार त्यांनी इंग्लंडहून घेतला. मँचेस्टरच्या जोनाथन ग्रीन यांच्या गटाने १५२ लहान मुलांवर एक पद्धत तपासली होती आणि मे २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापली होती. (त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘लॅन्सेट’ने आपला १९९८ चा कुप्रसिद्ध लेख मागे घेतला होता, १२ मुलांवरून गोवराच्या लशीचा आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा. त्या बारांची कथा अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. या १५२ मुलांबद्दल कुणी फॉरवर्ड पाठवल्याचं आठवत नाही.)

पद्धत ऐकायला इतकी साधी आहे की उपचार वाटतच नाही. आई आणि मूल जमिनीवर बसून दहाएक मिनिटं खेळतात. त्याचा व्हिडिओ काढतात. मग आई आणि कार्यकर्ती दोघी मिळून तो बघतात. कार्यकर्ती चुका दाखवत नाही. ती व्हिडिओ थांबवून विचारते: इथे तो कशाकडे बघत होता? इथे तुम्ही गप्प राहिलात तेव्हा त्याने काय केलं? मूल झाकण फिरवत असतं आणि आई त्याच्या तोंडासमोर बाहुली नाचवत असते, ‘बघ, बघ ना, ही काय आहे?’ व्हिडिओत तिचं तिलाच दिसतं. पुढच्या वेळी ती बाहुली खाली ठेवते. झाकणाकडे बघते. ‘फिरलं’ म्हणते. आणि थांबते. थांबणं हाच सगळ्यात अवघड भाग, कारण न बोलणाऱ्या मुलाची आई दोघांच्या वाटचं एकटी बोलायला शिकलेली असते. कधीतरी मूल झाकण तिच्या हातात देतं. तो क्षण व्हिडिओत सापडतो, दोघी तो पुन्हा लावून बघतात. मग रोज अर्धा तास घरी असंच.

गाण्यात साथ करणारा मुख्य गायकाच्या मागे जातो, त्याला ओढत नाही. ही तशी साथ आहे. संशोधक तिला ‘सिंक्रनी’ म्हणतात. इथे मुख्य गायक मूल असतं.

दक्षिण आशियासाठी यात बदल केले गेले. तज्ज्ञ थेरपिस्टऐवजी ऑटिझमचा पूर्वानुभव नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना तयार केलं. दवाखान्याऐवजी घर. घरातल्या इतरांनाही सामावून घ्यायचं, कारण आपल्याकडे मूल एकट्या आईचं नसतं. दर पंधरवड्याला एक अशी बारा सत्रं. नाव ठेवलं ‘पास’.

२०१३ मध्ये चाचणी सुरू झाली, एकाच वेळी गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत. दोन देशांच्या सरकारांमध्ये जे जमत नाही ते इथे विनातक्रार जमलं. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुलं. चिठ्ठी टाकून ३२ मुलांना ‘पास’ आणि ३३ मुलांना नेहमीचं जे काही मिळत होतं ते. त्यातली गोव्याची मुलं १५ आणि १५. व्हिडिओ तपासणाऱ्यांना कोण कुठल्या गटातलं हे माहीत नव्हतं. निकाल ‘लॅन्सेट सायकियाट्री’त २०१६ च्या अंकात आला.

आईबापांच्या साथीत मोठा बदल झाला. मुलं आपणहून काही सांगायला, दाखवायला, मागायला लागली, तोही बदल ठळक होता. ३२ पैकी २६ कुटुंबांनी बाराच्या बारा सत्रं पूर्ण केली. पावसाळा, आजारपण, नोकऱ्या यांतून वाट काढत बारा वेळा वेळ काढणं काय असतं ते ज्याने एखादा कोर्स अर्ध्यात सोडलाय त्याला विचारा.

आणि एक गोष्ट उलटी झाली. आई आणि मूल दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ ‘पास’ गटात कमी झाला. वाढायला हवा होता. संशोधकांनी ते लपवलं नाही, निबंधाच्या सारांशातच लिहिलं. असं का झालं असावं? माझा अंदाज असा, की आई मुलाला ओढून ओढून आपल्या खेळण्याकडे बघायला लावते तेव्हाही मोजपट्टीवर ‘दोघांचं लक्ष एकत्र’ अशीच नोंद होऊ शकते. ते ओढणं थांबलं की आकडा पडतो. हा अंदाज चुकीचाही असू शकेल. पण ज्या क्षेत्रात दर महिन्याला कुणीतरी स्टेम सेलपासून पथ्याच्या आहारापर्यंत ‘शंभर टक्के फरक’ विकतं, तिथे आपल्याविरुद्ध गेलेला आकडा पहिल्या पानावर छापणाऱ्यांवर माझा विश्वास बसतो.

इंग्लंडच्या चाचणीतही असाच एक नावडता धडा होता. आईबरोबर खेळताना मुलात बदल दिसला, पण अनोळखी परीक्षकासमोर तो इतका कमी झाला की तो योगायोग नाही असं खात्रीने म्हणता येईना. आईपासून जितकं लांब जावं तितका परिणाम विरत गेला. तरी त्याच मुलांना सरासरी पावणेसहा वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा ‘पास’च्या या मूळ उपचारातून गेलेल्या मुलांची लक्षणं तुलनेने सौम्य होती. हळूहळू काहीतरी झिरपलं होतं.

*

आता परत महाडला.

‘लॅन्सेट’ला हा तालुका नवा नाही. १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. तेव्हा कोकणात लाल विंचू चावला की माणूस, विशेषतः मूल, हृदय आणि फुप्फुसं निकामी होऊन जायचं. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणं लिहून काढली. १९८२ मध्ये ती ‘लॅन्सेट’ने छापली. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीने जीव वाचतो हे त्यांनी दाखवलं, तेही १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. २०११ मध्ये प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह महाडच्या ७० रुग्णांवर केलेली विंचूदंशावरच्या प्रतिविषाची चाचणी ‘बीएमजे’त छापून आली.

विंचवाचा आणि ऑटिझमचा काय संबंध? दोन्हीकडे प्रश्न तोच होता: उपचार तज्ज्ञाकडून सुटवून वाटेवरच्या माणसाच्या हातात देता येतो का. गोळीच्या बाबतीत ते सोपं होतं. गोळी कुणीही देऊ शकतं, आणि ती देणारा बदलला तरी तिचा गुण बदलत नाही. ‘पास’चं तसं नाही. तिथे औषध म्हणजे आईचा वेळ.

आणि इथेच माझी शंका आहे. फ्रिज म्हणून हिणवलेल्या आईवरचा दोष काढून घेतला, तिला बाहेर बसवलं, मग परत आत बोलावून काम दिलं. रोजचा अर्धा तास. पोलादपूरकडच्या अनेक घरांतला बाप्या मुंबईला किंवा महाडच्या एमआयडीसीत असतो. मागे आई, सासू-सासरे, गुरं, आणि जूनपासून भातशेती. लावणीच्या दिवसांत कंबर मोडून घरी आलेल्या बाईने अर्धा तास जमिनीवर बसून झाकणाकडे बघायचं. ती बघेल. न बघता आलं त्या दिवशी मनाला लावूनही घेईल. जुना दोष नव्या वाटेने परत येऊ नये, एवढी काळजी हा उपचार देणाऱ्याने घ्यायला हवी.

मुलं थोडी नाहीत. पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा अशा पाच ठिकाणच्या ३,९६४ मुलांची तपासणी झाली, तिचे आकडे २०१८ मध्ये आले. ऑटिझमचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास निघालं. महाड-पोलादपूर मिळून दोन लाखांवर लोक. दोन ते नऊ वयाची मुलं पंचवीस हजार धरली तर अडीचशे होतात. ही अडीचशे मुलं शाळांच्या, अंगणवाड्यांच्या नोंदीत तुम्हाला दिसतात का?

त्यांना शोधायची सोय कागदावर आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, तोही महाराष्ट्रातच, पालघरला. गाडीतून डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्यांच्या तीस आजारांच्या यादीत ऑटिझम आहे. सापडलेल्या मुलाला पुढे जिल्ह्याला पाठवायचं. रायगडचं जिल्हा रुग्णालय अलिबागला, महाडहून शंभरेक किलोमीटर. तळीयेहून त्यात वरचे वीस-पंचवीस.

*

आईवरचं ओझं कमी करायचं तर आणखी कुणाला शिकवता येईल? याचं एक उत्तर लोवास यांच्याच शहरात मिळालं. कॉनी कसारी यांनी लॉस एंजेलिसच्या साध्या शाळांतल्या ६० ऑटिस्टिक मुलांवर चाचणी केली, ती २०१२ मध्ये छापली. काहींना स्वतःला कौशल्यं शिकवली. काहींच्या बाबतीत त्यांना सोडून वर्गातल्या दोन-तीन सोबत्यांना शिकवलं, की मधल्या सुट्टीत एकट्या पडलेल्या मुलाला खेळात कसं घ्यायचं. सोबत्यांना शिकवलं तिथे मुलं वर्गाच्या मैत्रीच्या जाळ्यात जास्त आत आली आणि मैदानावर एकटं उभं राहणं कमी झालं. ज्याला ‘दोष’ होता त्याला शिकवण्यापेक्षा, ज्यांना नव्हता त्यांना शिकवल्याने जास्त फरक पडला.

त्याच वर्षी डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, सगळ्या प्रश्नालाच उलटं धरलं. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही म्हणता. इतरांना ऑटिस्टिक माणसाचं मन कळतं का? २०२० मध्ये एडिंबराच्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं. आपल्या कानगोष्टीच्या खेळासारखं, एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला गोष्ट सांगायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच शाबूत पोचली जितकी सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत. मिश्र साखळीत ती सर्वांत जास्त गळाली. गळती दोन प्रकारच्या माणसांमधल्या सांध्यात होती.

सॅली-अ‍ॅनच्या गोटीपासून इथवर यायला पस्तीस वर्षं लागली.

वाडीची शाळा याबाबतीत शहरापेक्षा बरी, असं कुणी म्हटलं तर मी लगेच हो म्हणणार नाही. वाडीत मूल हरवत नाही, कारण सगळे ओळखतात. पण ‘खुळं’ हे नावही सगळ्यांना माहीत असतं आणि ते जन्मभर चिकटतं. तरी पटसंख्या आठ-दहा असलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन सोबत्यांना शिकवणं म्हणजे पाव शाळा शिकवणं, हा हिशेब कुणीतरी करून बघण्यासारखा आहे. गोव्याचं काम पुढे दिल्लीला गेलं, तिथे मोठी चाचणी आखली गेली. हायवेने वर, रायगडकडे, अजून काही आलेलं नाही.

आलं, तर ते अंगणवाडीच्या दारातून येईल. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास खात्याने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. ताईने वाढीतला उशीर ओळखायचा, मुलाला इतरांत सामावून घ्यायचं, घरच्यांना आधार द्यायचा, पुढे पाठवायचं. ताईच्या हातात ‘पोषण ट्रॅकर’चा फोन आहेच. उंची भरायची, वजन भरायचं, हजेरी भरायची. २०२५ पासून घरी न्यायच्या आहाराच्या नोंदीसाठी त्याच फोनच्या कॅमेऱ्यासमोर आईला चेहरा धरावा लागतो. नेटवर्क नसलं तर ती मूल कडेवर घेऊन दाराशी थांबते.